ओळखीचं माणूस

मिस्त्री लाद्या बसवायचा. या शहरात येऊन त्याला इतकी वर्षं झाली होती की गुडघ्यांना घट्टे पडून ते घट्टेही आता जुने झाले होते. बाथरूम असो, स्वयंपाकघर असो की दुकानाची पायरी, त्याच्या हाताखालून गेलेली फरशी कधी हलायची नाही, आणि तिच्यावर सांडलेलं पाणी बरोबर जाळीकडेच जायचं. लोक एकमेकांना त्याचं नाव सुचवायचे. "आमच्याकडे केलंय त्याने, हात साफ आहे," असं सांगायचे. हात साफ म्हणजे काम सफाईचं, आणि घरातल्या वस्तूंना हात लावत नाही, असे दोन्ही अर्थ त्यात असायचे. मिस्त्रीला दोन्ही आवडायचे.

त्याची बायको एका शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला होती. मुलगी त्याच शाळेत शिकत होती, उंचीने आईच्या खांद्याला लागली होती आणि इथली भाषा अशी फाडफाड बोलायची की बापाला तिचं निम्मं कळायचं नाही. बायकोचा धाकटा भाऊ मिस्त्रीच्याच हाताखाली फटी भरायला असायचा. तो सगळ्यांच्या आधी आलेला, म्हणून जुन्या कायद्यात बसून कायमचा झाला होता. मिस्त्री, बायको आणि मुलगी ही तिघं आली ती तिकडे, त्यांच्या देशात, दंगल होऊन त्यांची गल्ली पेटली तेव्हा, नेसत्या कपड्यांनिशी. त्यांना तात्पुरती परवानगी मिळाली होती. ती संपत आली की वाढवून मिळायची, आणि दर खेपेला वाढवून मिळाल्यामुळे ती तात्पुरती आहे हे मिस्त्री विसरूनही गेला होता.

त्या वर्षी इथल्या सरकारने ठरवलं की तिकडे आता शांतता आहे. तिकडच्यांना हे कुणी कळवलं होतं की नाही, देव जाणे. आता परवानगी वाढणार नव्हती. ज्यांना राहायचं असेल त्यांनी आपण इथल्या समाजात मिसळलोय हे दाखवायचं होतं. भाषेची तोंडी परीक्षा मिस्त्रीने दिली आणि काठावर का होईना, पास झाला. पुढचं काय ते विचारायला तो कचेरीत गेला.

"दोन माणसं आणा," खिडकीतली बाई म्हणाली. "इथेच जन्मलेली. तुमच्याशी घरोबा असलेली."

"घरोबा म्हणजे?"

"म्हणजे तुम्ही त्यांच्या घरी जाता, ते तुमच्या घरी येतात."

"मी पुष्कळांच्या घरी जातो," मिस्त्री खुशीत म्हणाला.

"कामाला नाही हो. पाहुणे म्हणून."

मिस्त्री खिडकीपाशी तसाच उभा राहिला. मागच्या माणसाने घसा खाकरला तेव्हा बाजूला झाला.

बायकोचं काम चुटकीसरशी झालं. तिच्यासोबत भांड्यांच्या वाफेत उभ्या राहणाऱ्या दोन बायका इथल्याच होत्या. एकीचं ऑपरेशन झालं तेव्हा हिने तिच्या मुलांना घरी आणून ठेवलं होतं, दुसरी तर येताजाता घरात डोकावायची. दोघींनी जाऊन सांगितलं, बायको पास झाली, आणि आईच्या पदराला धरून मुलगीही पास झाली. पण नवऱ्याला त्याचा उपयोग नव्हता. कायद्याने प्रत्येक मोठ्या माणसाने आपलं आपण मिसळायचं होतं.

मिस्त्रीच्या धंद्यात इथे जन्मलेला माणूस औषधालाही सापडत नसे. गुडघ्यांवर बसायची कामं इथल्यांनी कधीच सोडून दिली होती. कडेला सिमेंट कालवणारा, लाद्या वर चढवणारा, मेहुणा, सगळे बाहेरून आलेले. त्यातल्या त्यात शाळेतला वायरमन, बायकोच्या मैत्रिणीचा नवरा, इथलाच होता आणि एकदोनदा घरी जेवून गेला होता. तो साक्ष द्यायला आनंदाने तयार झाला. राहिला एक.

"दाजी, म्हणजे आता स्थळं बघायला निघायचं," मेहुणा म्हणाला. "मुलगा निर्व्यसनी आहे, हाताला काम आहे, वय जरा उलटलंय एवढंच."

"आणि घोरतो ते?" बायकोने विचारलं.

"ते लग्न ठरल्यावर सांगायचं."

तिघंही हसले. या प्रकरणात सगळ्यांनी मिळून हसायची वेळ पुढे फारशी आली नाही.

मिस्त्रीला वाटलं होतं, अर्धं शहर आपल्या ओळखीचं आहे. तो आधी चष्म्यांच्या दुकानात गेला. तिथली फरशी त्याने पूर्वी बसवली होती आणि मालकीणबाई रस्त्यात दिसली की मान हलवायची. तिने त्याला खुर्ची दिली, सगळं ऐकून घेतलं.

"तुमच्या फरशीला आजवर तडा गेलेला नाही," ती म्हणाली. "पण तुम्ही आमच्याकडे कधी जेवलायत का? नाही ना. मग मी कसं सांगू?"

"मग आता जेवायला या ना आमच्याकडे," मिस्त्री म्हणाला.

तिला ती गंमत वाटली. ती हसली, आणि गिऱ्हाईक आलं म्हणून उठली.

मग तो नदीकडच्या उंच इमारतीत गेला. तिथल्या एका नवराबायकोकडे त्याने महिनाभर काम केलं होतं. त्या घरातलं त्याला काय माहीत नव्हतं? नवऱ्याची दाढ दुखायची, बायको बहिणीशी फोनवर बोलताना रडायची, दोघांचं कशावरून वाजायचं, सगळं. बेल वाजवल्यावर नवऱ्याने साखळी न काढता दार किलकिलं केलं.

"काय पाहिजे?"

"मी मिस्त्री. तुमच्या स्वयंपाकघराचं काम केलं होतं."

माणूस त्याच्याकडे पाहत राहिला. मिस्त्री धुतलेला शर्ट घालून, केस विंचरून आला होता. सिमेंटने माखलेला आला असता तर त्याने ओळखलं असतं.

"काही गळत नाहीये आमचं," तो म्हणाला. "आम्ही कुणाला बोलावलं नव्हतं."

असे किती उंबरे झिजवले त्याला गणती नाही. कुणी म्हणालं, "माणूस तुम्ही चांगलेच, पण सरकारी भानगड नको." कुणी म्हणालं, "आम्ही राजकारणात पडत नाही." एका म्हाताऱ्या बाईने त्याचे हात हातात घेतले, डोळ्यांत पाणी आणलं, आणि मुलाला विचारून सांगते म्हणाली. नंतर मुलानेच फोन करून परत येऊ नका असं बजावलं. मिस्त्रीच्या तोंडची चव गेली. रात्री ताट पुढे आलं की भाताची ढेकळं करत बसायचा. "खा हो," बायको म्हणायची. "उपाशी राहिल्याने कुणी ओळख देणार नाही."

तशातच एका बस ड्रायव्हरकडचं काम आलं. ड्रायव्हर म्हणजे इथेच जन्मलेला, निवृत्त झालेला, बायको वारलेली, एकटा राहणारा माणूस. त्याच्या बाथरूममधून खालच्या मजल्यावर पाणी झिरपत होतं. मिस्त्री जुन्या लाद्या फोडत होता आणि ड्रायव्हर दारात बादली पालथी घालून तिच्यावर बसून बोलत होता. आयुष्यभर पाठीमागे माणसं घेऊन बसलेला आणि त्यांच्याशी बोलायची मनाई असलेला तो माणूस आता सगळं साठलेलं बोलून घेत होता. मधेच उठून त्याने चहा केला, दोन कप आणले आणि एक मिस्त्रीच्या पुढ्यात ठेवला. कपाला कान होता. कामावर मिस्त्रीला बहुतेक घरांत चहा मिळे तो फुटक्या कपात.

मिस्त्रीने मान वर केली नाही. लादीच्या पाठीला सिमेंट लावता लावता म्हणाला, "आमच्याकडे जेवायला याल का?"

"का बरं?" ड्रायव्हरने विचारलं.

खोटं सांगायचं त्याने घरून ठरवून आणलं होतं, पण तोंडातून खरंच निघालं. कायदा, खिडकीतली बाई, साखळी लावलेलं दार, सगळं. सांगताना लादी तिरकी बसली. ती उचलून त्याने परत बसवली.

ड्रायव्हरने कपातला चहा संपवला.

"रविवारी चालेल," तो म्हणाला.

रविवारी तो इस्त्रीचा शर्ट घालून, संत्र्यांची पिशवी घेऊन आला. बायकोने सकाळपासून घर घासून पुसून ठेवलं होतं. मुलीला ताकीद होती: हसायचं, विचारलं तर उत्तर द्यायचं, खोलीत जाऊन बसायचं नाही. सगळे सोफ्याच्या कडेकडेला टेकून बसले, जसे काही कुणाच्या घरी सांत्वनाला आलेत. बोलणं काही केल्या सुरू होईना.

शेवटी मुलगीच म्हणाली, "आजोबा, तुम्हाला खरंच आमच्याकडे यावंसं वाटत होतं का?"

"अगं," आईने डोळे वटारले.

"खरं सांगू?" ड्रायव्हर म्हणाला. "भीती वाटत होती. तिखटाची."

मुलीला हसू फुटलं. मग बायको हसली. रस्सा खाताना ड्रायव्हरच्या नाकाडोळ्यांतून पाणी वाहायला लागलं तरी त्याने दुसऱ्यांदा वाढून घेतला. जाताना दारात उभा राहून म्हणाला, "पुढच्या रविवारी मी काही आणू का, की नुसता येऊ?"

बाथरूमचं काम संपलं तरी येणंजाणं राहिलं. मिस्त्री संध्याकाळी त्याच्याकडे पत्ते खेळायला जाऊ लागला. ड्रायव्हर पत्ते लपवायचा, मिस्त्री पकडायचा, मग दोघं एकमेकांवर चिडायचे. मुलीला शाळेतल्या नाटकात छोटंसं काम मिळालं तेव्हा ड्रायव्हर पुढच्या रांगेत जाऊन बसला. "त्यांच्याकडून आलात की तुमचा आवाज मोठा होतो," बायको एकदा म्हणाली. मिस्त्रीला हे कळलं नव्हतं. इतकी वर्षं या शहरात आपण हळू आवाजात बोलत होतो, हेही तेव्हाच त्याच्या लक्षात आलं.

कचेरीत जायचा दिवस ठरला. "काकांना पढवून ठेवा," मेहुण्याने चारचारदा सांगितलं. "म्हणावं, जुनी ओळख आहे, पोरगी लहान होती तेव्हापासूनची." मिस्त्रीला ते सांगायची लाज वाटत होती. आज सांगू, उद्या सांगू करता करता तो दिवस उजाडला. बसथांब्यावर तो कसाबसा म्हणाला, "काका, ओळख जरा जुनी म्हणाल का?"

ड्रायव्हरने त्याच्याकडे पाहिलं नाही. "मी बघतो," म्हणाला.

वायरमन आधी आत गेला आणि हसत बाहेर आला. मग ड्रायव्हरला बोलावलं. मिस्त्री बाहेरच्या बाकावर बसला. समोरच्या भिंतीवर वेगवेगळ्या रंगांच्या माणसांनी हात धरलेलं मोठं चित्र लावलं होतं. त्याच्याखाली, बाकावर, तसलीच माणसं एकमेकांकडे न बघता बसली होती.

ड्रायव्हर बाहेर आला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता. तो जिना उतरू लागला. मिस्त्री मागोमाग गेला. रस्त्यावर आल्यावर ड्रायव्हर थांबला.

"आतल्या अधिकारिणीने विचारलं, ही ओळख या कामासाठीच झाली का," तो म्हणाला. "मी म्हणालो, सुरुवात त्यासाठीच झाली, पण आता तसं नाही. 'पण'च्या पुढचं तिने लिहून घेतलंच नाही."

मिस्त्रीने शेजारच्या खांबाला हात लावला. 

"एक शब्द," तो म्हणाला. "एक शब्द खोटा बोलला असतात तर तुमचं काय गेलं असतं?"

"शपथ घ्यायला लावली होती."

"तुमची शपथ राहिली. माझं घर गेलं."

ड्रायव्हरने काहीतरी म्हणायला तोंड उघडलं. ते ऐकायला मिस्त्री थांबला नाही. बस सोडून तो पायीच घरी निघाला, आणि घर येऊनही पुढे चालत गेला. शेवटी मेहुण्याने त्याला शोधून आणलं.

लेखी निकाल आला तो अपेक्षेप्रमाणेच. महिनाभरात नवा साक्षीदार आणला तर एकदा फेरविचार होईल, नाहीतर देश सोडायचा. मिस्त्री कामावर जाईनासा झाला. भिंतीकडे तोंड करून पडून राहायचा. बायको कामावरून यायची, दिवा लावायची, त्याच्या पायांवर पांघरूण टाकायची. 

एका संध्याकाळी दार वाजलं. बायकोने उघडलं तर ड्रायव्हर. आज त्याच्या हातात संत्री नव्हती. बायको क्षणभर दारातच उभी राहिली, मग बाजूला झाली.

"मिस्त्री, उठा," ड्रायव्हर पलंगाशी येऊन म्हणाला. "मी घालवलंय ते मीच मिळवून देतो. माझं या गावात आयुष्य गेलंय. एक माणूस मिळणार नाही म्हणजे काय?"

मिस्त्री उठला तो आशेने नाही. म्हाताऱ्याला असं उभं ठेवणं त्याला बरं वाटेना, म्हणून उठला.

मग दोघं मिळून दारं वाजवू लागले. ड्रायव्हर पुढे, मिस्त्री मागे. ड्रायव्हरला सगळे ओळखत होते. साखळ्या निघायच्या, खुर्च्या मिळायच्या, "काका, तुम्ही आमच्या शाळेच्या बसवर होतात ना," असं लोक म्हणायचे. मग ड्रायव्हर विषय काढायचा आणि चेहरे बदलायचे. चष्मेवाली म्हणाली, "तुम्ही कशाला या भानगडीत पडताय?" एकाने मिस्त्रीच्या देखतच ड्रायव्हरला विचारलं, "हा तुम्हाला काही देतो का?" ड्रायव्हरच्या स्वतःच्या मुलाने तर फोनवरच ऐकवलं, "बाबा, या वयात हे शोभत नाही. उद्या माझ्या नोकरीवर आलं तर?"

त्या दिवशी ड्रायव्हर एका इमारतीच्या पायरीवर मटकन बसला.

"या सगळ्यांना मी रोज नेलं-आणलं," तो म्हणाला. "उशीर झालेल्यांसाठी बस थांबवली. शिव्या खाल्ल्या साहेबाच्या. मला वाटायचं ही माझी माणसं आहेत."

मिस्त्री त्याच्या शेजारी बसला.  "चला काका," एवढंच म्हणाला. "गुडघे आखडतील."

मुदत सरत आली असताना नदीकडच्या इमारतीतल्या बाईने होकार दिला. तीच ती, बहिणीशी फोनवर रडणारी. नवरा घरात नव्हता. तिने दोघांना आत बसवलं आणि म्हणाली, "मला आठवतंय. बहीण गेली त्या दिवशी तुम्ही काम बंद करून गुपचूप बसला होतात. कटर चालवला नाही तुम्ही दिवसभर." मिस्त्रीला ते आठवतही नव्हतं. ती त्यांच्या घरी येऊन गेली, जेवली, बायकोशी स्वयंपाकघरात उभी राहून बोलली. "मी येईन," ती म्हणाली. "जे आहे ते सांगीन." त्या आठवड्यात मिस्त्री दाढी करू लागला, कामावरही गेला. बायको भांडी घासताना गुणगुणत होती, ते मुलीच्या लक्षात आलं आणि तिने आईकडे पाहून मान हलवली.

फेरविचाराच्या दिवशी मिस्त्री, बायको आणि ड्रायव्हर कचेरीच्या जिन्याशी उभे राहिले. बाई आली नाही. बायकोने फोन लावला, तो वाजत राहिला. ड्रायव्हर रस्त्याच्या टोकापर्यंत जाऊन येत होता, प्रत्येक बसमधून उतरणाऱ्यांची तोंडं बघत होता. आतून पुकारा झाला. मिस्त्री आत गेला आणि साक्षीदार वाटेत आहे म्हणाला. अधिकारीण वाईट नव्हती. तिने त्यांना सगळ्यांच्या शेवटी घेतलं. मधल्या वेळात बायकोने इतक्यांदा फोन लावला की शेवटी तो पलीकडून बंदच झाला.

"मी तुम्हाला अजून थांबवू शकत नाही," अधिकारीण म्हणाली.

"ही काय," बायको आपल्या छातीवर हात ठेवून म्हणाली, "मी आहे ना. मी यांना ओळखते. मला विचारा काय विचारायचं ते."

"तुमचं चालत नाही, बाई."

"का नाही चालत? तुम्हीच मला पास केलंत. मी आता इथली ना?"

अधिकारिणीने खाली पाहिलं.  मग शिक्का उचलून कागदावर मारला.

नदीकडच्या बाईचा निरोप नंतर आला. नवऱ्याने जाऊ दिलं नाही, माफ करा, एवढाच.

घरी बायकोने पिशव्या काढल्या आणि तिघांचे कपडे भरायला घेतले.

"हे काय करतेस?" मिस्त्रीने विचारलं.

"दिसत नाही का? जायची तयारी."

"तू कुठे येतेस? तुला कुणी घालवलंय का?"

"मी पास झाले म्हणून मला शिक्षा होय?" ती म्हणाली. हात थांबले नाहीत. "तुम्ही तिकडे एकटे, मी इथे एकटी. हा कुठला संसार?"

"तिकडे आहे काय? आपली गल्ली तरी आहे का? पोरीला कुठल्या शाळेत घालणार?"

"शिकेल कुठेही. आपण नाही शिकलो?"

"आणि झाली माझ्यासारखी. हेच पाहिजे का तुला?" मिस्त्रीचा आवाज चढला. "तू आलीस तर मी स्टेशनावरून परत पाठवीन. मला तिथे तुम्ही नकोत. ओझं नकोय मला."

हे बोलून त्याने जीभ चावली, पण शब्द मागे घेतला नाही. बायको भरलेल्या पिशवीवर बसली. मेहुणा दाराशी उभा होता, तो गॅलरीत निघून गेला.

"मला कुणी विचारणार आहे का?" मुलगी म्हणाली.

ती खोलीच्या दारात उभी होती. कधीपासून होती कोण जाणे.

"बोल," मिस्त्री म्हणाला.

मुलीने आईकडे पाहिलं, मग बापाकडे.  "मला इथेच राहायचंय," ती म्हणाली. "मला तिकडचं काही आठवत नाही. मला नाही यायचं." आणि बोलल्याबरोबर ती दोन्ही हातांनी तोंड झाकून रडायला लागली, जशी काही कुणाला तरी मारून आली होती.

 मिस्त्री उठून मुलीजवळ गेला. इतके दिवस छातीवर बसलेला दगड जरा हलला असं त्याला वाटलं. पोरीने खरं सांगितलं होतं, आणि ते सांगायला तिला किती लागलं असेल हे त्याला कळत होतं. त्याने तिच्या डोक्यावर हात ठेवला. सिमेंटने फुटलेल्या तळव्यात तिचे केस अडकले, ते त्याने सावकाश सोडवले.

"झालं तर मग," तो म्हणाला. "रडू नकोस. बरोबर बोललीस."

बायकोने त्या दिवशी पिशव्यांतले आपले आणि मुलीचे कपडे परत काढून कपाटात ठेवले. त्याचे राहू दिले. मग प्रत्येक शर्टाचं बटण ओढून बघत बसली.

जायच्या दिवशी ती स्टेशनावर आली नाही. शाळेतल्या पोरांचं जेवण अडलं असतं, असं ती म्हणाली. दारात त्याची कॉलर सरळ केली, पोचल्याचं कळवा म्हणाली, आणि त्याच्या आधी जिना उतरून गेली. वळणावर तिने मागे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर पाऊल उचललं नसतं, हे त्याला तिच्या पाठीवरून समजलं.

मेहुणा, मुलगी आणि ड्रायव्हर सोबत आले. फाटकाशी एक तरुण शिपाई सामान तपासत होता. त्याने मिस्त्रीची हत्यारांची पिशवी उघडली. थापी, करणी, कटर, हातोडी.

"धारदार काही नेता येत नाही," तो म्हणाला.

"माझ्या पोटाचं साधन आहे ते," मिस्त्री म्हणाला.

"इथे ठेवा, नाहीतर कुणाला तरी द्या."

मेहुण्याने पिशवी घेतली.  आता ड्रायव्हर पुढे झाला आणि मिस्त्रीचा हात धरून उभा राहिला. "दर रविवारी जाईन त्यांच्याकडे," तो म्हणाला. "पोरीचा अभ्यास घेईन. गणित मला येत नाही, पण बसेन शेजारी."

"काका, त्या दिवशी मी बोललो ते…"

"बरोबरच बोललात," ड्रायव्हर म्हणाला. "मी रोज तेच बोलतो स्वतःला."

मिस्त्रीला म्हणायचं होतं की तसं नाही, तुम्ही खोटं बोलला असतात तर कदाचित तुम्ही तुम्हीच राहिला नसतात. पण एवढं लांबलचक इथल्या भाषेत त्याला जुळवता येईना. त्याने नुसताच हात दाबला.

मुलगी त्याच्या कमरेला मिठी मारून उभी होती, लहानपणी मारायची तशी. शिपाई दुसरीकडे बघत राहिला. मागची रांग थांबली. मग मिस्त्रीनेच तिचे हात सोडवले आणि मेहुण्याच्या हातात दिले.

फाटकाच्या पलीकडे लांब खोली होती आणि तिच्यात रांग. मिस्त्री रांगेत उभा राहिला. काचेतून ती तिघं दिसत होती. ड्रायव्हर मुलीला काहीतरी सांगत होता, मुलगी डोळे पुसत मान हलवत होती, मेहुण्याच्या खांद्यावर पिशवी होती. मग ती तिघं वळली आणि गर्दीत मिसळली. त्या गर्दीतलं कोण इथे जन्मलेलं आणि कोण बाहेरून आलेलं, हे आता इथून कळत नव्हतं.

"पुढे सरका," मागचा माणूस त्याच्याच भाषेत म्हणाला.

मिस्त्री पुढे सरकला.